एक्केचाळीसचे चौदा

बाहेरगावी कामाला असलेला माणूस गावात दिसला की आमच्याकडे त्याला दोन प्रश्न ठरलेले असतात. "कवा आला?" आणि "कवा जाशीन?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं. फाट्यावर, पानठेल्यावर, मारुतीच्या पारावर जो भेटेल तो विचारतो आणि उत्तर ऐकता ऐकता पुढे निघूनही जातो. 2023 च्या पोळ्याला मी घरी आलो तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं, दुसऱ्याचं नव्हतं. त्या एका उत्तरापायी पुढचे तीन महिने मी काय काय केलं, कसा खचत गेलो आणि कोणाकोणाच्या हाताला धरून वर आलो, ते लिहून ठेवतो आहे. पुण्याकडचं काम सुटून परत आलेली पोरं आमच्या भागात गावोगाव आहेत. त्यांच्यातला एखादा हे वाचेल, अशी आशा आहे.

गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. घरी सात एकर कोरडवाहू, दोन एकर ओलीत; माय, दादा, वहिनी, पुतण्या. बाबा मी दहावीत असताना गेले. आयटीआय करून मी पुण्याला गेलो आणि नऊ वर्षं चाकणजवळ सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. हातात व्हर्निअर, समोर गेज. पीस गेजमध्ये बसला तर पुढे, अडला तर लाल पेटीत. दिवसाला हजार-बाराशे पीस हाताखालून जायचे. मी पास केलेला माल ग्राहकाकडून परत आला, असं नऊ वर्षांत दोनदा झालं. त्या दोन्ही तारखा मला अजून पाठ आहेत.

31 जुलैला आम्हा अकरा जणांना काढलं. लाइन दुसऱ्या प्लांटला चालली होती. महिन्याचा पगार हातात दिला, साहेबांनी पाणी विचारलं, संपलं. आमच्यातल्या दोघांचा पगार 21,000 च्या आत होता म्हणून ते ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात होते. त्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा अर्ज केला. काम गेल्यावर 90 दिवसांपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या निम्मे पैसे त्यातून तेव्हा मिळायचे. ज्याचं काम गेलं असेल त्याने हे आधी विचारून घ्यावं, कारण आपणहून कोणी सांगत नाही. माझा पगार त्या रेषेच्या थोडा वर गेलेला. राहता राहिला पीएफ. पण साइटवर काम सोडल्याची तारीख पडलेली पाहिली की सगळं पक्कं होईल असं वाटायचं, म्हणून ते पान मी पाच महिने उघडलंच नाही.

ऑगस्टमध्ये चार ठिकाणी जाऊन आलो. चौथ्या ठिकाणी मुलाखत घेणारा पोरगा माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. मापं घेणाऱ्या सीएमएम मशीनचा प्रोग्राम लिहिता येतो का, असं त्याने विचारलं. चालवता येतं, लिहिता येत नाही, असं मी सांगितलं. "ठीक आहे, कळवतो," म्हणाला. वाईट काहीच बोलला नाही. पण परतीच्या बसमध्ये मला त्याच्याच आवाजात ऐकू यायला लागलं, मग नऊ वर्षं केलं काय? हे वाक्य तो बोललाच नव्हता. तरी पुढे कित्येक महिने रोज मला ते ऐकू येत होतं.

बायकोला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, मुलगी दुसरीत. खोलीचं भाडं 8,500. तीच म्हणाली, "पोळ्याला जाऊन या, माणसांत बरं वाटेल." आलो. बैलं सजवली, तोरणाखाली झडत्या झाल्या, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पुतण्याचा लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरलो. चौकात कोणीतरी विचारलं, "कवा जाशीन?" आणि मी म्हणालो, "मशीन बदलून राहिले कंपनीत. महिना-दोन महिने शटडाऊन हाय." सहज तोंडातून गेलं. मायसमोरही तेच सांगितलं. मग ते सांभाळत बसावं लागलं. शटडाऊन लांबला, मग परदेशातून पार्ट यायचा राहिला, मग साहेब बदलले. फोनवर मी आणि बायको आधी ठरवून घ्यायचो की या आठवड्यात काय सांगायचं.

एकदा माय मुलीशी बोलत होती. स्पीकर चालू होता. "बाबा कवा येते म्हनते तुह्याकडे?" मायने विचारलं. मुलगी क्षणभर थांबली आणि शाळेत कविता म्हणतात तशा सुरात म्हणाली, "बाबांची कंपनी सध्या बंद आहे, मशीन आली की ते येणार आहेत." मायला काही कळलं नाही. "शहाणी माय माही," म्हणाली. मी सपरीतून उठून कोठ्यात गेलो आणि गुरांच्या मागे कितीतरी वेळ उभा राहिलो. सात वर्षांच्या पोरीला आपण खोटं पाठ करायला लावलं, हे त्या दिवशी जे रुतलं ते नोकरी गेल्यापेक्षा जास्त होतं.

दसऱ्यानंतर कापसाची पहिली वेचणी लागली. गावातल्या बारा बाया आमच्याकडे वेचायला होत्या, 10 रुपये किलोने. संध्याकाळी निंबाच्या फांदीला काटा टांगायचा, एकेकीचं गाठोडं अडकवायचं, वजन वहीत लिहायचं आणि आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी हिशोब करायचा. दादाने वही माझ्याकडे दिली. "तुह्या लाइनीचं काम हाय," म्हणाला. खूप दिवसांनी बरं वाटलं.

शनिवारी हिशोब वाचून दाखवत होतो. एक म्हातारी बाई, आईच्या वयाची, पैसे हातात घेऊन तशीच उभी राहिली. सगळ्या जाऊ दिल्या, मग हळूच म्हणाली, "भाऊ, बुधवारचे माहे एक्केचाळीस होते ना?" वहीत 14 लिहिले होते. माझ्याच अक्षरात, स्पष्ट. 27 किलोचे 270 रुपये. मी लगेच दिले, दादाही काही बोलला नाही. बाईच मला समजावत होती की होते कधी कधी. मी वही दादाच्या हातात ठेवली आणि परत घेतली नाही. आकडा उलटा लिहिणारा क्वालिटीवाला. माझ्या मनाने त्याच रात्री निकाल लावून टाकला: कंपनीने उगाच काढलं नाही. त्यांना दिसलं असेल ते मला आता दिसलं.

त्यानंतर मी जागल मागून घेतली. सोयाबीन निघून हरभरा पेरला होता, बाजूला तूर उभी. रोही आणि रानडुकरांपायी रात्रभर वावरात कोणीतरी लागतंच. दादा वर्षानुवर्षं जागून थकला होता, त्याला माझं कौतुक वाटलं. मचाणावर गोधडी, टॉर्च, रिकामा डबा आणि काठी. तासातासाने आरोळी द्यायची, डबा वाजवायचा. झोप तशीही येत नव्हती. आणि मचाणावर कोणी "कवा जाशीन?" विचारत नाही, हे त्यातलं खरं कारण होतं. सकाळी बायामाणसं वावराकडे निघायच्या वेळेला मी घरी येऊन तोंडावर पांघरूण घ्यायचो. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला लहानपणापासून जायचो, तेही सुटलं, कारण प्रार्थना झाली की माणसं बोलत बसतात.

नोव्हेंबरभर हे चाललं. तेव्हा मला काय होत होतं ते नेमकं सांगतो, कारण मी याला आळस समजत होतो आणि घरचेही. आंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं थंड व्हायचं. मायच्या हातच्या चून-भाकरीला चव लागेना. पेपर हातात घेतला की एकच ओळ चार-चार वेळा वाचायचो. फोन वाजला की पोटात खड्डा पडायचा, मग तो म्यूट करून उशीखाली ठेवायचो. बायकोचे फोनही उचलले नाहीत. महिन्याच्या शेवटी अवकाळी आला, बोंडातला कापूस भिजला, दादा वावराच्या धुऱ्यावर डोकं धरून बसला. आणि मला वाटलं ते एवढंच की या घरात आणखी एक खाणारं तोंड मी आहे.

मायने मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. वहिनी म्हणाली एकदा बाहेरचं पाहून घ्या. त्यांच्या परीने त्या धडपडतच होत्या. मी खरं सांगत नव्हतो तर त्यांनी दुसरं करावं तरी काय?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आशाताई, म्हणजे गावच्या आशा सेविका, मायचं बीपी बघायला आल्या. नात्याने माझ्या वहिनी लागतात. मी खाटेवर पडलेला. "भाऊजी, तुमचाबी फॉर्म भराचा हाय, तीसच्या वरच्या साऱ्यायचा भरतो," म्हणाल्या. बिडी-तंबाखू विचारली, दारू विचारली, घरात कोणाला शुगर आहे का विचारलं. उभं करून कंबरेला टेप लावला. पँट दोरीने बांधलेली त्यांनी पाहिली. मग खाली बसून त्यांनी फॉर्म उलटवला आणि पहिल्यांदाच कागदावरून नजर काढून, सावकाश, पुस्तकी मराठीत वाचलं: गेल्या दोन आठवड्यांत, काहीही करण्यात रस किंवा आनंद वाटत नाही, असं किती वेळा झालं? अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज?

मी म्हणालो, रोज.

दुसरा प्रश्न उदास, निराश वाटण्याचा होता. त्याचंही उत्तर रोज. प्रत्येकी 3, एकूण 6. त्यापेक्षा जास्त त्या दोन प्रश्नांत होतच नाहीत. त्यांनी पेन ठेवलं. आमच्यासारख्या 14 जिल्ह्यांत 2015 पासून शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा आशांना मनाच्या आजाराचंही शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, "तीनच्या वर गेलं का मले पाठवाच लागते. उद्या दहाले उपकेंद्रात मॅडमकडे चाला. मी येतो संग." 'पाठवावंच लागतं' या शब्दाने मला सोडवलं. मी दुबळा आहे म्हणून कोणी दया करत नव्हतं. फॉर्मचा नियम होता, आणि नियमाप्रमाणे काम करायची मला सवय होती.

उपकेंद्रातून चिठ्ठी मिळाली. जिल्ह्याची मानसिक आरोग्याची टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात येते, त्या दिवशी दादा मला मोटरसायकलवर घेऊन गेला. "पोटाचं दाखवाचं हाय," असं मी त्याला सांगितलं होतं. रांगेत उभं राहिल्यावर त्याने खोलीवरची पाटी वाचली. काही बोलला नाही. बाहेर बाकावर बसून राहिला.

आत नऊ प्रश्नांचा कागद होता. झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं. त्याच चार उत्तरांनी मोजायचं, जास्तीत जास्त 27. माझे 17 आले. डॉक्टरांनी शेवटचा प्रश्न कागदावरून न विचारता तोंडाने विचारला, आणि झोप कशी लागते हे विचारलं होतं त्याच आवाजात विचारला: "मरून जावं, स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का?" आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशापायी येतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच घरात हा प्रश्न कोणी ओठावर आणत नाही. मी म्हणालो, करून घ्यावं असं नाही, पण मचाणावर असताना उद्या उजाडलंच नाही तर बरं, असं वाटतं. हे मी पहिल्यांदा बोललो. त्यांनी लिहून घेतलं, कधीपासून, किती वेळा, ते विचारलं आणि दादाला आत बोलावलं.

"फवारणीचं औषध कुठं ठेवता?"

"कोठ्यात, फळीवर."

"आजपासून कुलपात. किल्ली तुमच्याजवळ. आणि यांची जागल बंद."

दादाने मान हलवली. घरी येताना तालुक्याच्या बाजारात गाडी थांबवली आणि हार्डवेअरच्या दुकानातून कुलूप घेतलं. दुकानदारासमोर त्याने ते तीनदा लावून, तीनदा उघडून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "जागल मी करतो. तू झोप." अजून ते कुलूप कोठ्यातल्या पेटीला आहे.

रक्त तपासायला सांगितलं होतं, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन. दोन्ही बरोबर निघालं. डॉक्टर म्हणाले, "नोकरी मी देऊ शकत नाही. पण नोकरी शोधायला जो जोर लागतो तो या आजाराने खाल्ला आहे, त्याचं बघू." रोज एक गोळी. ही झोपेची गोळी नाही, हिची सवय लागत नाही, पहिले काही दिवस मळमळेल, फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही. मळमळ झाली. दहाव्या दिवशी मी वैतागून सोडणार होतो, आशाताई दारावरून जाताना रोज "घेतली का?" एवढंच विचारायच्या, म्हणून राहिलो. साधारण पंचविसाव्या दिवशी सकाळी मला भाकरी भाजल्याचा वास आला. वास रोजच येत असणार. त्या दिवशी भूक लागली.

मायला मात्र गोळी सुरू केली त्याच दिवशी सांगितलं. चुलीपुढे बसली होती. "माय, माही नोकरी गेली. जुलैतच." मला वाटलं होतं जवळ घेईल. ती भडकली. "तीन महिने माह्या हातचं जेवला अन् माह्याशीच लबाडी केली? लेकराच्या तोंडून बोलवलं?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वाढायची, पण बोलायची नाही. त्या दोन दिवसांत मला रडू आलं, आणि कितीतरी आठवड्यांनी काहीतरी जाणवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नळावर पाच-सात बाया असताना तिचा आवाज मला घरात ऐकू आला: "माह्या पोराचं पुन्याचं काम सुटलं हाय. कुठं काही असलं तं सांगजा वो बाई." ज्या गोष्टीसाठी मी रात्री मचाणावर लपत होतो ती तिने नळावर घागर भरता भरता सांगून टाकली. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. संध्याकाळी पानठेल्यावर गेलो तर चार जणांनी आपापल्या घरातली अशीच गोष्ट काढली.

दवाखान्यात एक समुपदेशक मॅडमही होत्या. दर वेळी अर्धा तास बोलायच्या. चौदा-एक्केचाळीसची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी कागद पुढे केला. त्या आठवड्यात किती वजनं लिहिली? बारा बाया, सहा दिवस, 72. चुकली किती? एक. "कंपनीत 72 मध्ये एक चालायचं का?" मी म्हणालो, मुळीच नाही. मला वाटलं आता त्या म्हणतील की चालतं हो, मनावर घेऊ नका. त्यांनी विचारलं, "मग एखादा पीस चुकला की तुम्ही काय करायचे?"

कारण शोधायचो. पीस लाल पेटीत जायचा. मशीनवाल्याला कोणी पेटीत टाकत नव्हतं.

"मग शोधा," म्हणाल्या.

तिथेच बसून लिहिलं. आदल्या रात्री झोप तीन तास. दिवस बुडाल्यावर वजन केलं, उजेड नव्हता. काट्याजवळ पुतण्या उभा राहून आकडा ओरडत होता आणि मी लांबून ऐकून लिहीत होतो. तीन कारणं, तिन्ही दुरुस्त होण्यासारखी. त्यात 'माणूस नालायक' हे कारण नव्हतं. शोधूनही बसवता आलं नाही. हे वाचून कोणाला लहानसं वाटेल. मला मात्र माझ्याच धंद्याच्या भाषेत कोणीतरी समजावलं होतं, आणि "सगळं ठीक होईल" असं जे सगळे म्हणत होते त्याच्या हजार पट ते लागू पडलं.

त्यांनी तीन कामं दिली. सकाळी सहाला उठायचं, झोप झाली नसली तरी. दिवसा उजेडात चालायचं. आणि असं एक काम धरायचं की आपण गेलो नाही तर कोणाचं तरी अडेल. चालायला मी शकुंतलेचा रूळ निवडला. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटरची ही नॅरोगेज कापूस वाहून न्यायला घातली होती. गाडी केव्हाच बंद झाली, रुळांत आता गवत आणि बोरी-बाभळी. पहिल्या आठवड्यात मैलभर जायला मला पाऊण तास लागायचा. मध्येच थांबायचो, कशासाठी ते कळायचं नाही.

नंतर कधीतरी मोबाइलवर वाचलं की ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल नावाच्या गावात 1930 च्या सुमारास कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं, तेव्हा काही संशोधक तिथे जाऊन राहिले. रस्त्याने जाणाऱ्यांचा वेग त्यांनी घड्याळ लावून मोजला. बेकार पुरुष बायकांपेक्षा हळू चालायचे आणि वाटेत जास्त वेळा थांबायचे. बायकांच्या हाताला घरचं काम होतंच. वेळ भरपूर असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी कुणीतरी माझी चाल मोजून ठेवली होती.

अडणारं काम म्हणून वजनाची वही परत मागितली. जानेवारीत शेवटच्या वेचण्या चालू होत्या. आता वजन पाच वाजता, उजेडात. आकडा मी स्वतः काट्यावर वाचायचा, मोठ्याने, जिचं गाठोडं तिने तो परत म्हणायचा, मग लिहायचा. म्हातारी पहिल्या दिवशी हसत हसत म्हणाली, "छत्तीस!" आणि वहीत डोकावून पाहिलं, वाचता येत नसूनही.

काट्याचीच शंका आली म्हणून किराणावाल्याकडून मापं आणली. 5 किलोला काटा पावणेपाचच्या आसपास दाखवी, 20 ला 19. जुनी स्प्रिंग. म्हणजे 40 किलो वेचणारीचे दोन किलो रोज जात होते. दादाला सांगितलं तर त्याचं तोंड उतरलं. "मुद्दाम नाई केलं मी." मला माहीत होतं. पण अवकाळीने मारलेल्या वर्षी हे पैसे वर काढायचे म्हणजे जिवावर येणारच, आणि दोघांत थोडं वाजलंही. शेवटी नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि या हंगामाच्या सगळ्या वजनांवर विसाला एक किलो धरून शेवटच्या हिशोबात दिले. मायने सांगितलं म्हणून दादा तयार झाला, हे खरं आहे. वही तपासताना त्या आठवड्यात मला रात्री दहाला झोप लागत होती.

सरळ चढ नव्हता हा. फेब्रुवारीत एका मुलाखतीचा नकार आला आणि दोन दिवस पुन्हा तोंडावर पांघरूण. त्या रात्री मी 14416 लावला. टेलि-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, चोवीस तास असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर दवाखान्याच्या भिंतीवर पाहून ठेवला होता. पलीकडच्या बाईंनी वीसेक मिनिटं ऐकून घेतलं, गोळी चालू आहे का विचारलं आणि सकाळी चालायला कितीला निघणार ते माझ्याकडून वदवून घेतलं. त्या वेळेला निघालो. एप्रिलमध्ये तो नऊ प्रश्नांचा कागद पुन्हा भरला, 4 आले. गोळी पुढेही सहा महिने चालू ठेवली आणि मग डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने बंद केली. पीएफच्या पानावर 31 जुलै ही तारीख मी जानेवारीतच पाहिली होती. आकाश कोसळलं नाही. पैसे मात्र कामाला आले. जूनमध्ये बायको आणि मुलगी इकडे आल्या, तालुक्याच्या गावी खोली केली, मुलीला तिथल्या शाळेत घातलं. मुलीला मी समोर बसवून सांगितलं की ते मशीनचं खोटं होतं, बाबा घाबरले होते, आणि तुला सांगायला लावलं हे चुकलं. तिने विचारलं, "मग आजीला आता खरं सांगू?" आजीला माहीत आहे म्हटल्यावर तिला फार बरं वाटलेलं दिसलं.

नळावरच्या बायांपैकी एकीचा जावई जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात होता. त्याच्याकरवी मला 2024 च्या हंगामात काम लागलं. पगार पुण्याच्या जवळपास निम्मा आहे, आणि हंगामाचंच काम आहे. त्याचा घोर लागतोच, लागत नाही असं म्हणणार नाही. गाडी आली की कापसाचा ओलावा मोजायचा. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, 8 ते 12 मध्ये कपात, 12 च्या वर गाडी परत. त्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. एकेका टक्क्यावर शेतकऱ्याचा जीव टांगलेला असतो, म्हणून मशीनचा काटा वाचताना घाई करत नाही.

नोव्हेंबरातली गोष्ट. शेजारच्या गावचा एक जण पिकअप घेऊन आला. वरच्या थरात मशीन खुपसली, 13 दाखवलं. रात्रीचं दव असेल. त्याचं तोंड पडलं. मग मला नीट न्याहाळून म्हणाला, "तुमी पुन्याले होते ना? कवा आले?"

"सव्वा वर्ष झालं."

"मंग कवा जाता?"

"नाई जात. तिथलं काम सुटलं."

"हो का," म्हणाला. लगेच गाडीकडे वळला. "बरं, एकडाव मधातून घेऊन पाहा ना. वरचंच ओलं हाय."

मी गाडीवर चढलो, दोन्ही हातांनी ढीग उकरून मधोमध मशीन खोल घातली आणि आकडा ठरेपर्यंत थांबलो. मग मोठ्याने वाचला, साडेअकरा. त्याने खालून परत म्हटला, साडेअकरा. मग लिहिला.